पाऊस गेला का निंगते : नागपुरातून पाहिलेली रस्त्याची गोष्ट

नागपुरात कुणालाही पत्ता विचारा, तो दुसऱ्याच गावाचं नाव सांगतो. कुणी वर्धा रोडला राहतो, कुणी काटोल रोडला. कुणाचं दुकान भंडारा रोडवर, कुणाचा प्लॉट उमरेड रोडवर. अमरावती रोड, कामठी रोड, छिंदवाडा रोड, हिंगणा रोड. मधल्या काळात बऱ्याच रस्त्यांना थोरामोठ्यांची नावं दिली गेली, निळ्या पाट्याही लागल्या, पण ऑटोवाल्याला अजून गावाचंच नाव कळतं. नकाशावर बर्डीवर, म्हणजे शहराच्या मध्यावरच्या सीताबर्डीवर, बोट ठेवलं की बंडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे हे रस्ते चारही अंगांना फाकलेले दिसतात.

आता हे चाक ज्या मातीत रुतलंय त्या मातीविषयी.

माझ्या मामांचं गाव हिंगण्याच्या बाजूला. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही डांबरी सडकेवर एसटीतून उतरायचो आणि पुढचे दोन-अडीच किलोमीटर पांधणीनं, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेनं, बंडीत बसून जायचो. दोन्ही बाजूंना धुरे, मध्ये बंडीच्या चाकांनी कोरलेल्या दोन खोल चाकोऱ्या, फुफाट्यानं भरलेल्या. बैल आपोआप त्यातूनच चालायचे, मामांनी कासरा सोडून झोप काढली तरी घर यायचं. एका वर्षी काही कारणानं आम्ही जुलैत गेलो. एसटीतून उतरून बघतो तर पांधण नाहीच. काळा, चकाकता गाळ, त्यात पाय घातला की चप्पल आत आणि पाय बाहेर. मामा पायजमा गुडघ्यावर गुंडाळून पलीकडे उभे. मी ओरडून विचारलं, ‘‘मामा, रस्ता कुठं गेला?’’ मामा म्हणाले, ‘‘हाय ना बाप्पा तिथंच. पाऊस गेला का निंगते.’’

रस्त्यांचा सगळा इतिहास म्हणजे मामांचं हे वाक्य खोटं पाडण्याची खटपट आहे असं मला वाटतं. चाकं, इंजिनं, पूल, बोगदे या गोष्टी डोळ्यांत भरतात. पण रस्ता बांधणाऱ्यांची खरी झुंज दोनच गोष्टींशी चालली आहे : खाली मुरणारं पाणी आणि रस्त्याला लागणारा पैसा.

काळी माती काय करते?

आपली काळी माती ही कापसाची लाडकी आणि इंजिनिअरची डोकेदुखी, आणि कारण दोन्हीकडे एकच. तिच्यातल्या चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे असतात आणि ते पापुद्रे पाणी आत ओढून घेतात. पाणी आत गेलं की माती फुगते. एप्रिल-मे महिन्यांत तेच पाणी उडून गेलं की आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाच्या मुळाला ही ओल महिनोन्‌महिने पुरते. रस्त्याखाली मात्र अशी माती म्हणजे श्वास घेणाऱ्या माणसाच्या पोटावर पाट मांडून जेवायला बसल्यासारखं आहे.

मातीची ताकद मोजायची सीबीआर नावाची एक चाचणी आहे, मूळ कॅलिफोर्नियात निघालेली. एक ठरावीक जाडीचा दट्ट्या मातीत दाबायचा आणि तेवढाच आत घुसवायला चांगल्या फोडलेल्या गिट्टीत किती जोर लागतो त्याच्याशी तुलना करायची. गिट्टीला १०० गुण धरले तर भिजलेल्या काळ्या मातीला बहुधा २ ते ४ गुण मिळतात. म्हणजे नापास म्हणायचीही सोय नाही. म्हणून काळ्या रानातून रस्ता काढताना आधी ती माती काही फूट उकरून काढतात आणि तिथं मुरूम भरतात, नाहीतर तिच्यात चुना मिसळून तिची फुगण्याची खोड मोडतात.

नागपूरचं एक बरं आहे. दख्खनच्या लाव्हाची चादर पश्चिमेकडून येते आणि साधारण इथंच संपते. सीताबर्डीची टेकडी बेसॉल्टची, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाची. शहर ओलांडून पूर्वेला गेलं की जुना, वेगळ्याच जातीचा खडक लागतो. त्यामुळे काळ्या मातीचा त्रास आहे, तसाच त्यावर घालायला उत्तम काळा दगडही घराजवळ आहे. पुण्या-मुंबईकडचे लोक ज्याला खडी म्हणतात ती आपली गिट्टी.

आठ महिन्यांचे रस्ते

जुन्या काळी या अडचणीवर एकच उपाय होता : पावसाळ्यात जायचंच नाही. शेकडो वर्षं इथला माल चाकावर नव्हे, पाठीवर गेला. लमाण-बंजाऱ्यांचे तांडे हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून मीठ, धान्य आणि कापूस वाहत. बैलाच्या पाठीला पक्की सडक लागत नाही. पायवाट, नदीचा उतार आणि मुक्कामाला चारा-पाणी असलं की झालं. रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस असाच बैलांवर लादून नागपूर, जबलपूर या वाटेनं पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. ते अंतर आठशे किलोमीटरच्या आसपास. बैल दिवसाला फार तर पंधरा-वीस किलोमीटर चालणार, म्हणजे दीड-दोन महिन्यांचा प्रवास. त्यात अवकाळी पाऊस आला तर गोणी भिजते, बैल चिखलात बसतो आणि व्यापारी कपाळावर हात मारतो.

बंड्या होत्याच, पण जवळच्या पल्ल्याच्या. त्यांच्या लाकडी चाकांवरची लोखंडी धाव जेमतेम दोन-तीन बोटं रुंद. सगळा भार तेवढ्याशा पट्टीवर येतो, ती माती कापते, आणि मागच्या बंडीला त्याच खाचेतून जावं लागतं. तीच चाकोरी. आज आपण ‘चाकोरीबाहेरचा विचार’ वगैरे म्हणतो तेव्हा चाकोरीबाहेर गेलेल्या बंडीचा आख मोडायचा हे कुणाला आठवत नाही.

इंग्रज आले आणि त्यांनी आधी जमीन मोजायला घेतली. विल्यम लॅम्ब्टन नावाच्या अधिकाऱ्यानं १८०२ मध्ये मद्रासजवळून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. हैदराबादहून नागपूरकडे सरकता सरकता १८२३च्या जानेवारीत तो हिंगणघाटला वारला. त्याचं थडगं तिथं आहे. त्याच मोठ्या मोजणीची नागपुरातली खूण म्हणजे झिरो माईल. चार घोडे आणि दगडी खांब बघून पाहुणे ‘हाच का भारताचा मध्यबिंदू’ असं विचारतात आणि आपणही मान डोलावतो. खरं तर मोजणीच्या दृष्टीनं तिथली मोलाची गोष्ट म्हणजे १९०७ सालची उंचीची प्रमाण-खूण : समुद्रसपाटीपासून सुमारे १,०२० फूट, म्हणजे ३११ मीटर. शेजारच्या खांबावर अंतरंही कोरलेली आहेत, जबलपूर १७० मैल, हैदराबाद ३१८ मैल, अशी. सडक बांधणाऱ्याला या दोन्ही आकड्यांची गरज असते. अंतर सांगतं किती गिट्टी लागेल, उंची सांगते पाणी कुठल्या बाजूला पळेल.

लहान दगडाचा मोठा शोध

पक्की सडक म्हणजे खाली मोठाल्या शिळा आणि वर फरसबंदी, ही समजूत रोमन लोकांपासून चालत आलेली. मजबूत, पण खर्चिक. स्कॉटलंडच्या जॉन लाउडन मॅकॅडमनं ती उलटी केली. १८१६ पासून तो ब्रिस्टल भागातल्या रस्त्यांचा सर्व्हेअर होता. त्याचं म्हणणं असं : गाडीचा भार शेवटी जमीनच पेलते, तुमचा दगड नाही. कोरडी जमीन कितीही भार पेलेल, ओली पेलणार नाही. तेव्हा रस्ता हा पाया नाही, छप्पर आहे. जमीन कोरडी ठेवणं हे त्याचं काम.

छप्पर कशाचं, तर बारीक फोडलेल्या गिट्टीचं. गोल गोटे नकोत, ते एकमेकांवरून घरंगळतात. कोनेदार, फोडलेले दगड हवेत, म्हणजे चाकाखाली दाबले गेले की एकमेकांत दात रुतवून बसतात. वरच्या थरातला दगड चाकाच्या रुंदीपेक्षा बराच लहान हवा, नाहीतर चाक त्याला उचकटतं. आणि मधला भाग किंचित उंच ठेवून दोन्हीकडे उतार, कडेला नाली. बस्स, एवढंच. दगड तपासायला त्याचे लोक तो तोंडात घालून बघत, तोंडात मावला तर पास, अशी एक दंतकथा आहे. खरी असो-नसो, आपल्याकडे सडकेच्या कडेला पळसाच्या सावलीत बसून हातोडीनं गिट्टी फोडणाऱ्या बाया ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ती पटकन पटते. एका हातात रबराची किंवा चिंध्यांची चुंबळ, तिच्यात धरलेला दगड, दुसऱ्या हातात हातोडी, आणि समोर दिवसभरात वाढत जाणारा ढीग. मजुरी ढिगावर मोजून.

हे तंत्र आपल्याकडे आलं ते सत्तेच्या पाठोपाठ. १८५३च्या डिसेंबरात रघुजीराजे तिसरे निपुत्रिक वारले आणि डलहौसीनं भोसल्यांचं राज्य खालसा केलं. त्याच डलहौसीच्या काळात लष्करी मंडळाकडून सडका काढून घेऊन सार्वजनिक बांधकाम खातं उभं राहिलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर राजधानी झाली, आणि कामठी-सिवनीवरून जबलपूरला जाणारी उत्तरेची सडक, भंडाऱ्यावरून रायपूरला जाणारी पूर्वेची सडक या मुख्य वाटा ठरल्या. कामठीला इंग्रजांची छावणी १८२१ पासूनच होती. तोफा ओढायच्या तर चिखल चालत नाही.

आणि मग १८६७ मध्ये भुसावळकडून रेल्वे नागपुरात शिरली. पुढची पन्नास-साठ वर्षं सडकेला सावत्र मुलीसारखे दिवस आले. माल रेल्वेनं, पैसा रेल्वेला. सडक उरली ती स्टेशनपर्यंत कापूस पोचवण्यापुरती. बंजाऱ्यांच्या तांड्यांचा शेकडो वर्षांचा धंदा याच काळात बुडाला. इतिहासाच्या पुस्तकात रेल्वेचं स्वागत असतं, तांड्याचं काय झालं ते तळटिपेत असतं.

धूळ, डांबर आणि दोन आणे

मॅकॅडमची सडक बंडीसाठी होती. लोखंडी धाव गिट्टी दाबते, थोडी दळते आणि तो भुगा फटींत बसून सडक उलट घट्ट होते. मोटार आली आणि हे गणित बिघडलं. हवा भरलेलं रबरी टायर वेगानं फिरताना गिट्टीमधला भुगा वर ओढून उडवतं. भुगा गेला की गिट्टी सुटी होते, गिट्टी सुटी झाली की सडक विस्कटते. मोटारीमागचा तो धुळीचा लोट म्हणजे सडकेचा जीवच उडून जात असतो.

उपाय योगायोगानं सापडला असं सांगतात. इंग्लंडमध्ये एडगर हूली नावाच्या सर्व्हेअरला १९०१ मध्ये रस्त्याचा एक तुकडा धूळ न उडवणारा दिसला. तिथं डांबराचं पिंप फुटलं होतं आणि वर कुणी तरी लोखंडाच्या भट्टीतली मळी टाकली होती. १९०२ मध्ये त्यानं त्याचं पेटंट घेतलं. ते डांबर दगडी कोळशापासूनचं. आज आपण ज्याला डांबर म्हणतो ते वेगळं, खनिज तेल शुद्ध करताना तळाला उरणारं बिटुमेन. शब्द मात्र तोच राहिला.

आता सडक टिकाऊ झाली, पण महाग. पैसा कुणी द्यायचा? लोकल बोर्डांकडे गावच्या विहिरींनाही पुरेसा पैसा नव्हता आणि मोटारी तर एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात धावणाऱ्या. या प्रश्नावर सरकारनं १९२७ मध्ये समिती नेमली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीचं उत्तर साधं होतं : सडक झिजवते मोटार, मोटार पिते पेट्रोल, तेव्हा पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो फक्त सडकांसाठी वेगळा ठेवा. १९२९ पासून गॅलनमागे दोन आणे या हिशेबानं केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. १९३४ मध्ये इंजिनिअर मंडळींची इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली, रस्त्याची जाडी किती, उतार किती याचे नियम आजही तीच काढते. पेट्रोल पंपावर आपण जे पैसे मोजतो त्यातल्या रस्ते अधिभाराची वंशावळ त्या दोन आण्यांपर्यंत जाते.

१९४३ : नागपूरच्या बैठकीत देशाचा नकाशा

मला सगळ्यात रस आहे तो या टप्प्यात, आणि नागपूरकरांना तोच फारसा माहीत नसतो. डिसेंबर १९४३. महायुद्ध चालू, बंगालात दुष्काळ. अशा वेळी देशभरच्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी पुढच्या वीस वर्षांचा रस्ते-आराखडा ठरवला. सिव्हिलच्या पोरांना हा ‘नागपूर प्लॅन’ आजही परीक्षेला असतो. कानपूरचा पोरगा तो पाठ करतो आणि बर्डीवर चहा पिणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

त्यांनी काय केलं? पहिलं म्हणजे रस्त्यांची प्रतवारी लावली : राष्ट्रीय महामार्ग, प्रांताचे महामार्ग, प्रमुख जिल्हा रस्ते, इतर जिल्हा रस्ते आणि गावरस्ते. खेड्याकडे जाताना दिसणारे प्रजिमा, इजिमा, ग्रामा हे गूढ शब्द म्हणजे याच प्रतवारीचे मराठी अवतार : प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्राममार्ग. मैलाचा दगड बघूनही प्रत ओळखता येते. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय, हिरवं असेल तर राज्याचा, काळं असेल तर जिल्ह्याचा किंवा शहराचा, नारिंगी असेल तर गावरस्ता.

दुसरं म्हणजे किती रस्ते हवेत याचा हिशेब. देशभर सरासरी दर १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता, असं उद्दिष्ट ठरलं. दहा किलोमीटर लांब, दहा किलोमीटर रुंद असा चौकोन डोळ्यांपुढे आणा. त्यात एक रस्ता आरपार आडवा, आणि दुसरा उभा, पण निम्म्याहून थोडा पुढे जाऊन थांबलेला. एवढाच. तोही तेव्हा स्वप्नवत होता. चांगल्या पिकाऊ मुलखात कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब असू नये, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आठ किलोमीटर डोक्यावर गाठोडं घेऊन चालणं हे उद्दिष्ट होतं, यावरून आधीची स्थिती ओळखावी.

तिसरी गोष्ट रचनेची. तारा आणि जाळी असं तिचं नाव. मोठी शहरं ताऱ्याच्या किरणांसारखी सरळ जोडायची, आणि किरणांच्या मधल्या मोकळ्या जागेत जाळी विणून लहान गावं गुंफायची. नागपूरचा नकाशा बघून हे सुचलं असेल असं म्हणायचा मोह होतो, पण तो आपला गावाभिमान. वीस वर्षांचं उद्दिष्ट १९६१ पर्यंतच जवळपास गाठलं गेलं. पुढच्या, मुंबईच्या आराखड्यानं १६ चे ३२ केले आणि १९८१च्या लखनौच्या आराखड्यानं ८२.

प्रतवारीचा एक दुष्परिणाम आपण रोज भोगतो. प्रत ठरली की मालक ठरतो. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा, राज्यमार्ग आणि प्रजिमा राज्याच्या बांधकाम खात्याचा, त्याखालचे जिल्हा परिषदेचे, शहरातले आणखी निराळ्यांचे. एका चौकात तीन मालकांच्या हद्दी भेटतात आणि खड्डा नेमका त्या सांध्यावर पडतो. आमच्या गल्लीत एका वर्षी छान सिमेंटचा रस्ता झाला. तिसऱ्या आठवड्यात पाइप टाकायला दुसरं खातं आलं आणि मधोमध चर खणून गेलं. मी विचारायला गेलो तर मुकादम म्हणाला, ‘‘काका, रस्ता आमचा नाही, आमची फक्त नळी हाय.’’

खड्डा पडतो तो असा

डांबरी रस्ता लवचीक असतो, चटईसारखा. चाक गेलं की केसभर दबतो आणि परत वर येतो. हजारो वेळा दबून शेवटी बारीक तडा जातो. तड्यातून पाणी शिरतं. पुढचं चाक आलं की ते पाणी पिचकारीसारखं फटींत दाबलं जातं. दगडाचा स्वभाव असा की त्याला डांबरापेक्षा पाणी जास्त प्रिय. पाणी मिळालं की दगड डांबराला सोडून देतो. खाली मुरूम भिजतो, आधार जातो, आणि एका रात्रीत बशीएवढा खड्डा घमेल्याएवढा होतो. भर पावसात ओल्या खड्ड्यात टाकलेली डांबर-गिट्टी आठवड्यात उखडते ती याच कारणानं. ती चिकटेल कशाला?

दुसरा शत्रू भार. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांच्या कड्यांवर ट्रक फिरवून-फिरवून ते मोडेपर्यंत चाचणी घेतली. निष्कर्ष असा निघाला की झीज भाराच्या साधारण चौथ्या घातानं वाढते. आखावरचा भार दुप्पट केला तर झीज दुप्पट नाही, सोळा पट. दहा टनांच्या जागी बारा टन टाकले, म्हणजे फक्त २० टक्के जास्त, तरी झीज दुपटीहून थोडी अधिकच. रेतीच्या ट्रकवर फळ्या लावून जी ‘दोन ब्रास जास्त’ जाते तिचा हिशेब असा लागतो. तुमची-माझी स्कूटर या हिशेबात शून्यच. २०१८ मध्ये आपल्याकडे चार चाकांच्या एका आखाची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. मालवाहतूकदार खूश झाले. सडकेला कुणी विचारलं नाही.

यावर नागपूरनं सिमेंटचा रस्ता हे उत्तर शोधलं. काँक्रीटचा थर लवचीक नसतो, तो चिखलावर टाकलेल्या फळीसारखा असतो. चाक एका ठिकाणी असलं तरी भार लांबवर पसरतो, म्हणून खालची माती थोडी कच्ची असली तरी निभतं, आणि पाण्यानं काँक्रीटचं फारसं बिघडत नाही. उन्हाळ्यात ४५-४६ डिग्रीला डांबर लोण्यासारखं मऊ पडतं, तो प्रकारही नाही. मात्र काँक्रीट तापलं की पसरतं, निवलं की आकसतं. म्हणून ओतल्यावर काही तासांतच चार-साडेचार मीटरवर करवतीनं खाचा पाडतात, म्हणजे तडा जायचाच असेल तर ठरवलेल्या जागी जातो. गाडीतला तो टक-टक ताल म्हणजे त्या खाचा.

पण मॅकॅडमचं छप्पर आठवतंय ना? छपराचं पाणी कुठं तरी पडणार. जुना रस्ता न उकरता त्यावरच फूटभर थर चढवला की रस्ता ओट्याच्या वर येतो. आमच्याकडे एका पावसाळ्यात अंगणातलं तुळशीवृंदावन पाण्यात उभं होतं आणि गेटसमोर रस्ता मात्र खडखडीत कोरडा. रस्ता उत्तम, त्याचं पाणी माझ्या घरात.

सात नंबर आणि चव्वेचाळीस

जुने ट्रकवाले अजून ‘सात नंबर’ आणि ‘सहा नंबर’ म्हणतात. वाराणसी ते कन्याकुमारी हा सात आणि हजिरा ते कोलकाता हा सहा, दोघे नागपुरात भेटायचे. २०१० मध्ये देशभर आकडे बदलले. नवी पद्धत समजली की सोपी आहे : उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम आकडे, ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. तीन आकडी असेल तर ती फांदी. म्हणून श्रीनगर ते कन्याकुमारी ४४ आणि हजिरा ते पारादीप ५३. भेट अजून नागपुरातच होते.

याच ४४ वर, मनसरच्या पुढे खवाशाकडे जाताना गाडी पेंचच्या जंगलातून उंचावर चढते आणि दोन्ही बाजूंना भिंती लागतात. तिथं जनावरांना खालून जाता यावं म्हणून नऊ ठिकाणी वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत, सगळ्यात लांब ७५० मीटरची. वर ट्रक, खाली वाघ. कॅमेऱ्यात वाघांसह कितीतरी जनावरं तिथून जाताना दिसली आहेत. माणसाच्या सडकेनं जनावराची पांधण राखली, असं पहिल्यांदाच पाहतोय.

आणि समृद्धी. नागपूर ते शिर्डी ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंतचा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला. एकूण ७०१ किलोमीटर, मोटारींना ताशी १२० ची मुभा. बैल दिवसाला वीस किलोमीटर चालला असता तर हे अंतर पस्तीस दिवसांचं. आता दिवसभरात जेवणासकट होतं. एकच अडचण : हा रस्ता इतका सरळ आणि एकसुरी आहे की डोळे उघडे असून माणूस झोपतो. मामांचे बैल चाकोरीतून आपोआप घरी जायचे, मोटार जात नाही. तासा-दीड तासानं उतरून चहा घ्यावा आणि टायरची हवा बघावी. तापलेल्या काँक्रीटवर सतत वेगानं जाताना हवा कमी असलेलं जुनं टायर आतून तापतं आणि फुटतं.

समृद्धी सुरू होतो तो शिवमडका मामांच्या गावापासून फार लांब नाही. पण घरून त्या डांबरी सडकेला लागायला मधली पांधण आहेच. दोन वर्षांमागे तिच्यावर मुरूम पडला, गिट्टी पडली, रोलर फिरला. मामा आता ऐंशीच्या घरात. ते काठी टेकत बघायला गेले, सगळीकडून फिरले आणि ठेकेदाराच्या पोराला एकच विचारलं, ‘‘नाली कुठाय?’’ पोरगा म्हणाला, ‘‘आजोबा, ती इस्टिमेटमधी नाही.’’

मामा काही बोलले नाहीत. मृग लागायच्या आत त्यांनी नातवाची मोटरसायकल पांधणीच्या पलीकडे, डांबरी सडकेजवळच्या ओळखीच्यांच्या छपरीत नेऊन ठेवायला सांगितली.